पाठ फिरवून पडलेला बाप

स्मृतिव्याख्यानात गेलेल्या माणसाबद्दल बोलायचा प्रघात आहे. आजचा विषय मागे राहिलेल्या माणसाचा आहे. ज्याने आयुष्यभर तलवार चालवून परक्या लोकांचे जीव वाचवले, त्याला घरातलं एक माणूस वाचवता आलं नाही, तर त्याच्या त्या शौर्याचं पुढे काय होतं? एका जपानी अ‍ॅनिमे मालिकेने या प्रश्नाला फार प्रामाणिकपणे हात घातला आहे. मालिकेचं नाव 'किमेत्सु नो याइबा'. जगभर ती 'डेमन स्लेयर' या नावाने पाहिली जाते. आणि तो माणूस म्हणजे रेंगोकू शिंजुरो.

सभागृहातल्या तरुण मंडळींना हे नाव नवं नाही. बाकीच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. कोयोहारू गोतोउगे यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, फेब्रुवारी २०१६ ते मे २०२० या काळात 'शोनेन जंप' साप्ताहिकात क्रमशः छापून आली. एकूण २०५ प्रकरणं, पुस्तकरूपात २३ खंड. युफोटेबल या स्टुडिओने हारुओ सोतोझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली एप्रिल २०१९ पासून तिची अ‍ॅनिमे मालिका केली. ऑक्टोबर २०२० मध्ये, ऐन करोनात, 'मुगेन ट्रेन' हा चित्रपट आला आणि वर्ष संपायच्या आत त्याने जपानमधला 'स्पिरिटेड अवे'चा कमाईचा विक्रम मोडला. एकट्या जपानमधली त्याची कमाई चार हजार कोटी येनच्या वर गेली. पुढचा 'इन्फिनिटी कॅसल' सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडच्या चित्रपटगृहांतही लागला. आपल्या घरातली शाळा-कॉलेजातली मुलं ज्या गोष्टीत इतकी रमतात, तिच्यात एक खचलेला बाप आहे, हे त्यांच्या आईवडिलांना माहीत असायला हवं.

कथा घडते ताइशो काळात, म्हणजे १९१२ ते १९२६ या वर्षांत. आगगाडी आली आहे, शहरांत विजेचे दिवे आले आहेत. पण रात्री माणसं खाणारे राक्षस हिंडतात आणि त्यांना मारणारी तलवारबाजांची एक गुप्त संघटना आहे. सरकार या संघटनेला ओळखत नाही. जपानमध्ये १८७६ च्या हुकुमाने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगायला बंदी झाली होती, त्यामुळे हे लोक रेल्वे स्थानकावर पोलिस दिसला की तलवार लपवतात. या संघटनेतल्या सर्वोच्च तलवारबाजांना 'हाशिरा' म्हणतात. ते जास्तीत जास्त नऊ. रेंगोकू घराण्याने पिढ्यान्पिढ्या अग्नीच्या शैलीचा हाशिरा दिला. शिंजुरो हा त्यातलाच एक. त्याचा थोरला मुलगा क्योजुरो हा त्याच्यानंतरचा.

अशा माणसाच्या दुःखाला समाजात जागा नसते, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. संघटना गुप्त, काम गुप्त. रात्रभर लढून सकाळी घरी आलेल्याला शेजाऱ्यापाशी दोन शब्द बोलायचीही सोय नाही. गावाच्या लेखी तो कोणीच नाही. त्याचं मोल दोनच ठिकाणी: संघटनेत आणि घरात. यातलं घर कोसळलं की तोल सांभाळायला जे उरतं, ते फार थोडं असतं.

शिंजुरोचं घर कोसळलं ते बायको, रुका, आजाराने गेली तेव्हा. मुलं लहान होती. थोरल्याला तिने अंथरुणावरूनच समोर बसवून शिकवण दिली: जन्मतः बळ मिळालं असेल तर ते दुबळ्यांच्या रक्षणासाठी आहे, स्वतःच्या फायद्यासाठी नाही. मुलाने ती शिकवण मरेपर्यंत पाळली. नवऱ्याला मात्र ती असताना जे जमत होतं, तेही तिच्यानंतर जमेना.

गोतोउगे यांची लेखणी इथेच थांबली असती, तर शिंजुरो एक ठरीव पात्र झाला असता. बायको गेली, बाप दारूला लागला. अशी पात्रं आपल्या सिनेमांतही पोत्याने मिळतील. पण शिंजुरोवर त्याच सुमारास दुसरा घाव बसला, आणि तो त्याच्या तलवारीवर बसला. घराण्यात अग्नी-हाशिरांनी लिहून ठेवलेल्या जुन्या नोंदींच्या वह्या होत्या. त्यांतल्या एकविसाव्या खंडात त्याला वाचायला मिळालं की अग्नी, जल, वायू वगैरे साऱ्या शैली ज्या एका मूळ सूर्य-शैलीतून निघाल्या, तिच्यापुढे त्या म्हणजे नुसत्या नकला. त्या मूळ शैलीचा पुरुष काही शतकांपूर्वी होऊन गेला. त्याच्याच काळातल्या, शिंजुरोच्याच घराण्यातल्या पूर्वजाने ते लिहून ठेवलं होतं. म्हणजे आपण ज्यासाठी आयुष्य वेचलं ते मुळात दुय्यमच होतं, हे त्याला घरातल्याच कागदाने सांगितलं. त्याने ती वही फाडून टाकली.

हे दोन्ही घाव एकाच वेळी बसले, यातच शिंजुरोची सगळी गोम आहे. बायकोच्या मरणावर त्याला बोलता येत नाही, कारण तिथे दोष द्यायला कोणी सापडत नाही. आजार हा राक्षस नव्हे. त्याचं मुंडकं उडवता येत नाही. म्हणून तो सगळा राग गुणवत्तेवर काढतो. माणसाची कुवत जन्मतःच ठरलेली असते, थोडे निवडक सोडले तर बाकीचे सगळे कुचकामी, आपणही त्यातलेच आणि आपली मुलंही त्यातलीच, असं तो उठताबसता बोलतो. ऐकणाऱ्याला हे तत्त्वज्ञान वाटतं. खरं तर ते शोक करायचं टाळण्याचं साधन आहे. सगळंच निरर्थक ठरवून टाकलं की एकीच्या जाण्याचा अर्थ लावत बसावं लागत नाही.

या कडवटपणाची किंमत शिंजुरोने स्वतः कमी मोजली. जास्त मोजली ती त्याच्या मुलांनी, आणि मालिका हे कुठेही झाकत नाही.

'मुगेन ट्रेन'मधला एक प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. आगगाडीत लपलेला एनमू नावाचा राक्षस प्रवाशांना झोपवतो आणि प्रत्येकाला त्याच्या मनासारखं स्वप्न दाखवतो. कथेचा नायक तांजिरो याला मारली गेलेली आईभावंडं जिवंत दिसतात. त्याचा सोबती झेनित्सू आवडत्या मुलीचा हात धरून पीचच्या बागेत पळतो. दुसरा सोबती इनोसुके गुहा धुंडाळतो. आणि अग्नी-हाशिरा क्योजुरो? त्याला दिसतं स्वतःचं घर. तो बापाच्या खोलीत जाऊन, गुडघे टेकून, आपण हाशिरा झाल्याचं सांगतो आहे. बाप अंथरुणावर कुशीवर पडून पुस्तक चाळतो आहे. तो वळूनही बघत नाही. त्याने काय होणार, आपण दोघंही काही मोठे होणार नाही, एवढंच म्हणतो. मुलगा बाहेर येतो. अंगणात धाकटा भाऊ सेंजुरो वाट पाहत उभा असतो. बाबांना आनंद झाला का, असं तो भीतभीत विचारतो. क्योजुरो खोटं बोलत नाही. नाही झाला, असं सरळ सांगतो, आणि मग भावाला जवळ घेऊन सांगतो की तुला माझ्यासारखं एकटं राहावं लागणार नाही, तुझ्यामागे तुझा भाऊ आहे.

ज्या मुलाला हवं ते स्वप्न पाहायची मुभा होती, त्याने बापाने शाबासकी दिल्याचं स्वप्नसुद्धा पाहिलं नाही. एवढी त्याची अपेक्षा मरून गेली होती. त्याला पुन्हा जायचं होतं ते त्या घरात, त्या भावापाशी, आणि पाठ फिरवून पडलेल्या बापापाशीसुद्धा. मुलांच्या वाट्याला येणारी अशी उपेक्षा एवढ्या थोड्या रेषांत पकडणारा दुसरा प्रसंग अलीकडच्या लोकप्रिय चित्रपटांत सापडणं कठीण.

क्योजुरो त्याच ओघात एक गोष्ट मनाशी बोलतो. वडील पूर्वी असे नव्हते. आपल्याला आणि भावाला हौसेने, तळमळीने घडवणारे होते. एक दिवस अचानक त्यांनी तलवार खाली ठेवली. का, ते त्याला माहीत नाही, आणि ज्याचं उत्तर मिळणार नाही त्याचा विचार करत बसायचं नाही असं तो ठरवून टाकतो. बापाने शिकवणं सोडल्यावर या मुलाने अग्नी-शैलीच्या मार्गदर्शनाचे अवघे तीन खंड वाचून, एकट्याने सराव करून हाशिराचं पद मिळवलं. वयाच्या विशीत त्या आगगाडीतल्या दोनशे प्रवाशांचे जीव वाचवून, आकाझा या बलाढ्य राक्षसाशी लढताना तो मरण पावला. प्रवाशांपैकी एकही दगावला नाही.

चित्रपटाच्या यशानंतर २०२१ च्या ऑक्टोबरात तीच कथा मालिकेच्या रूपात दाखवली गेली. तिच्या पहिल्या भागासाठी मांगात नसलेली एक नवी कथा रचली होती, आणि शिंजुरोबद्दल बोलणाऱ्याने ती चुकवता कामा नये. आगगाडीत चढण्याआधी क्योजुरो स्थानकावर जेवणाचे डबे विकणाऱ्या एका आजीला आणि तिच्या नातीला राक्षसापासून वाचवतो. आजी त्याचा चेहरा पाहून थक्क होते. बऱ्याच वर्षांपूर्वी अगदी अशाच दिसणाऱ्या, अशाच आगीच्या ज्वाळांसारख्या केसांच्या एका तलवारबाजाने तिचा जीव वाचवला होता. तो शिंजुरो. मुलगा अभिमानाने सांगतो की ते माझे वडील. घरात निजून असलेल्या त्या माणसाला स्वतःचं काम नकली, कुचकामी वाटत होतं. इथे त्या कामामुळे एक बाई म्हातारी होईपर्यंत जगली, तिला नात झाली आणि त्या नातीचाही जीव वाचला. शिंजुरोच्या तत्त्वज्ञानाला याहून नेमकं उत्तर नसेल, आणि ते त्याच्या कानावर कधीच पडत नाही.

आता त्या घराच्या दारात येऊ. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या पुढच्या पर्वाचा पहिला भाग. क्योजुरोचा निरोप्या कावळा वाट दाखवतो आणि पोटातली जखम अजून पुरती भरली नसताना तांजिरो क्योजुरोने मरताना दिलेला निरोप घेऊन रेंगोकूंच्या घरी पोहोचतो. सेंजुरो फाटकाबाहेर झाडलोट करतो आहे. निरोपाचं नाव निघताच हातात दारूचा बुधला घेतलेला शिंजुरो बाहेर येतो. क्षयाला लागल्यासारखा दिसणारा माणूस येईल असं वाटतं. येतो तो धिप्पाड, दाढी वाढलेला, डोळ्यांत चीड असलेला. अंत्यविधी उरकले, आता रडका चेहरा करून हिंडू नकोस, असं तो धाकट्याला सुनावतो. मेलेल्या मुलाबद्दल म्हणतो की त्याच्यात गुणच नव्हते, मरणारच होता. शिंजुरोला आवाज रिकिया कोयामा यांनी दिला आहे. याच युफोटेबल स्टुडिओच्या 'फेट झिरो'मधला किरित्सुगु एमिया, म्हणजे आणखी एक आतून जळून गेलेला लढवय्या बाप, हाही त्यांचाच आवाज. इथे त्यांनी ओरडण्यापेक्षा कंटाळ्यावर जोर दिला आहे, आणि तो कंटाळाच जास्त बोचतो.

तांजिरोच्या कानातली सूर्याच्या चित्राची डुलं पाहिल्यावर मात्र त्या आवाजातला कंटाळा उडून जातो. हीच ती मूळ सूर्य-शैलीची खूण, असं शिंजुरो ओळखतो आणि क्षणात त्या पोराला जमिनीवर दाबून धरतो. दारूने झिंगलेल्या माणसाची ती चपळाई पाहून तांजिरोलाही कळतं की हा कोणी साधा माणूस नाही. मध्ये पडणाऱ्या सेंजुरोला तो झिडकारतो. शेवटी तांजिरो त्याच्या डोक्यावर डोकं आपटून त्याला बेशुद्ध पाडतो. शुद्धीवर आल्यावर शिंजुरो काय करतो? उठून दारू आणायला जातो.

या प्रसंगात मालिका एक मोठी गोष्ट साधते. तांजिरोने दिलेलं उत्तर शिंजुरोला बदलत नाही. डोक्याचा तडाखाही बदलत नाही. तरुण नायकाने चार खडे बोल सुनावले आणि म्हातारा शुद्धीवर आला, असली सोपी वाट गोतोउगे घेत नाहीत. बदल घडतो तो संध्याकाळी, बंद खोलीत, आणि तो घडवतो सगळ्यात दुबळा मानला गेलेला सेंजुरो. त्याची तलवार कधी रंग बदलत नाही, म्हणजे तो तलवारबाज होण्याच्या लायकीचा नाही, असं या जगातला नियमच सांगतो. तो बापाच्या दारात बसून भावाचा निरोप सांगू लागतो. बाप ऐकून घ्यायला तयार नाही. मला शिव्याशाप दिले असतील, मला ठाऊक आहे, तू जा इथून, असं म्हणतो. सेंजुरो तरी सांगतो. निरोप एवढाच असतो की बाबांनी प्रकृतीला जपावं. नमस्कार करून तो निघून जातो.

शिंजुरो रडतो ते यानंतर.

मुलाने जाब विचारला असता, तर शिंजुरोपाशी त्याला उत्तर होतं. मुलाने क्षमा केली असती, तरी त्याने ती धुडकावून लावली असती. पण मरणाऱ्या मुलाने बापाच्या तब्येतीची चौकशी केली, आणि यावर त्याच्या साऱ्या युक्तिवादात एकही उत्तर नव्हतं. ज्या मुलाला आपण कधी मुलगा म्हणून वागवलं नाही, तो शेवटपर्यंत मुलगाच राहिला होता. इतकी वर्षं बायकोसाठी जे रडणं अडून राहिलं होतं, ते मुलाच्या निरोपावर मोकळं झालं.

पुढच्या काही भागांत शिंजुरोचं पत्र तांजिरोला मिळतं. त्यात तो स्वतःच्या वागण्याची माफी मागतो, आपण स्वतःच्या दुबळेपणाने कसे मोडलो आणि त्याच वेळी प्रिय पत्नी कशी गेली ते सांगतो, मुलगा आपल्यापेक्षा श्रेष्ठ होता हे कबूल करतो. जे ज्ञान त्याला विषासारखं लागलं होतं, तेच सूर्य-शैलीबद्दलचं ज्ञान तो आता दुसऱ्याच्या उपयोगी पडावं म्हणून लिहून पाठवतो. फाडलेला खंड जोडायचं काम सेंजुरोने आधीच हाती घेतलेलं असतं. क्योजुरोच्या तलवारीची मूठ राखणारी चकती, जिला 'त्सुबा' म्हणतात, तीही सेंजुरोने तांजिरोला दिलेली असते, आणि पुढे ती तांजिरोच्या तलवारीवर चढते. या घराची घडी बसवण्याचं बरंचसं काम त्या न लढणाऱ्या पोराने केलं आहे, ही गोष्ट रसिकांच्या चर्चेत पुरेशी येत नाही.

शिंजुरोला समजून घ्यायचं तर त्याच कथेतले त्याच्यासारखे इतर माजी हाशिरा पाहावे लागतात. माजी जल-हाशिरा उरोकोदाकी साकोंजी याने शिकवून पाठवलेल्या मुलांपैकी तेरा जणांना परीक्षेच्या डोंगरावर एकाच राक्षसाने खाल्लं. तोही मोडला होता, तोही पुन्हा कोणा मुलाला मरायला पाठवायला तयार नव्हता. पण त्याने दार बंद केलं नाही. तांजिरोला दोन वर्षं घडवलं आणि परत आलेल्याला मिठी मारून रडला. माजी वीज-हाशिरा कुवाजिमा जिगोरो एक पाय गमावूनही शिष्य घडवत राहिला आणि एक शिष्य राक्षसांना जाऊन मिळाल्यावर त्याची जबाबदारी घेऊन त्याने पोट चिरून जीव दिला. शोक तिघांनाही होता. पैकी उरोकोदाकीचं उदाहरण अनुकरणीय, कुवाजिमाचं भयंकर, आणि शिंजुरोचं सर्वांत ओळखीचं. कारण रोजच्या जगण्यात माणसं बहुधा शिंजुरोसारखीच मोडतात: घरातल्या घरात, हळूहळू, जवळच्यांच्या अंगावर कोसळत.

त्याला माफ करावं का, हा प्रश्न इथे नेहमी विचारला जातो. मालिका त्याला माफी देऊन टाकत नाही आणि द्यायलाही नको. क्योजुरोला शाबासकी मिळाली नाही ती नाहीच, आणि पत्राने ती मिळत नाही. ज्या वर्षांत त्या दोन मुलांना बाप हवा होता, ती वर्षं परत येत नाहीत. हे कठोरपणे म्हणायला हवं, कारण दुःखाच्या नावाखाली मुलांवर काढलेल्या रागाला आपण फार लवकर सूट देतो. मात्र दुःखाने कडवट झालेला माणूस कायमचा गेला, असंही मालिका म्हणत नाही. अंतिम युद्धात संघटनेचा प्रमुख उबुयाशिकी कागाया स्वतःचं घर उडवून देऊन मरतो आणि सगळी धुरा त्याच्या आठ वर्षांच्या मुलावर, किरियावर, येते. तो मुलगा बहिणींसह आत बसून युद्धाची सूत्रं हलवतो. बाहेर पहाऱ्याला दोन निवृत्त हाशिरा उभे असतात: एक हात आणि एक डोळा गमावलेला उझुई तेंगेन, आणि रेंगोकू शिंजुरो. ज्या बापाने पोटच्या मुलांकडे पाठ केली होती, तो इथे नुकत्याच पोरक्या झालेल्या दुसऱ्याच्या मुलाच्या दाराशी तलवार घेऊन उभा आहे. त्याला नायकाची लढाई मिळत नाही. एका दारावरची राखण मिळते. ती तो चोख करतो.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही, त्यांना एक विनंती आहे. आपल्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला म्हणा की आपण मिळून पाहू, आणि क्रम असा ठेवा: २०१९ चं पहिलं पर्व, मग 'मुगेन ट्रेन'च्या मालिकारूपाचा पहिला भाग, मग 'मुगेन ट्रेन' चित्रपट, मग त्याच्या पुढच्या पर्वाचा पहिला आणि सहावा भाग. पत्र सहाव्या भागात आहे. ते संपलं की लगेच उठू नका. शेजारी बसलेल्या पोराला शिंजुरोबद्दल काय वाटतं ते विचारा आणि त्याचं उत्तर पुरतं ऐकून घ्या.